सत्तेला लगाम कोणाचा?

लुडविग्सहाफेनच्या महापौरपदासाठी २१ सप्टेंबर २०२५ रोजी मतदान झाले, तेव्हा मतपत्रिकेवर एक नाव नव्हते. ‘आल्टरनेटिव्ह फ्यूर डॉइचलांड’ म्हणजेच एएफडी या पक्षाचे प्रांतिक विधिमंडळातील सदस्य योआखिम पाउल यांची उमेदवारी शहराच्या निवडणूक समितीने ऑगस्टमध्ये नामंजूर केली होती. राइनलँड-फाल्त्स प्रांताच्या कायद्याप्रमाणे महापौर होऊ इच्छिणाऱ्याने मुक्त लोकशाही घटनाव्यवस्थेच्या बाजूने आपण सदैव उभे राहू याची हमी द्यावी लागते. या उमेदवाराबाबत तशी खात्री वाटत नाही, असे समितीने बहुमताने ठरविले. पाउल न्यायालयात गेले. नॉयश्टाटच्या आणि मग कोब्लेन्झच्या प्रशासकीय न्यायालयाने त्यांना तातडीचा दिलासा नाकारला. निवडणुकीसंबंधीची तक्रार मुख्यतः निवडणूक आटोपल्यावर करावयाची असते, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. ज्या पक्षाला त्याच वर्षी फेब्रुवारीत, संसदेच्या निवडणुकीत, शहरातील जवळजवळ चौथा हिस्सा मते मिळाली होती, त्याचा उमेदवार अशा रीतीने रिंगणाबाहेर राहिला. पहिल्या फेरीला सुमारे २९ टक्केच मतदार आले आणि त्यांतील सुमारे ९ टक्के मते बाद ठरली. १२ ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनचे क्लाउस ब्लेटनर निवडून आले.

या प्रकरणावर आपल्या मंडळींमध्ये जी चर्चा झाली, ती आम्ही कान देऊन ऐकली. एक पक्ष म्हणाला, “बरे झाले. परक्यांना हुसकावून लावण्याच्या गोष्टी करणाऱ्यांना खुर्ची हवीच कशाला?” दुसरा म्हणाला, “उमेदवार आधीच गाळायचा असेल तर मतपेटी ठेवता कशाला?” थोड्याच वेळात मुद्दे संपले आणि शब्द उरले. कोणी कोणाला ‘उदारमतवादी’ म्हणाले, कोणी ‘पुराणमतवादी’, आणि दोन्ही शब्द शिव्यांच्या ठिकाणी वापरले गेले. गंमत अशी की वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना या निवडणुकीत मताचा अधिकारच नव्हता. युरोपीय संघातील नागरिक येथे पालिकेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. भारतीय पारपत्रावर राहणारा माणूस वीस वर्षे कर भरत असला तरी देऊ शकत नाही. ज्यांच्या हाती सत्तेचा कणही नाही, त्यांना सत्ता म्हणजे काय हे नीट समजून घेण्याची गरज सर्वांत अधिक असते. म्हणून आज या शब्दांच्या मुळाशी जाण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम सत्तेचाच विचार करू. लुडविग्सहाफेनपासून अर्ध्या तासावरच्या हायडेलबर्ग येथे माक्स वेबर हा विद्वान प्राध्यापक होता. सत्ता म्हणजे विरोध असतानाही आपली इच्छा तडीस नेण्याची संधी, असा त्याच्या व्याख्येचा आशय आहे. पण नुसत्या दंडुक्यावर राज्य फार काळ चालत नाही. आज्ञा पाळणाऱ्याला ती पाळणे रास्त वाटावे लागते. हे रास्तपण तीन वाटांनी येते, असे वेबरने दाखविले. एक, परंपरेची वाट: पाटलाचा मुलगा पाटील, कारण बाप पाटील होता. दुसरी, एखाद्या पुरुषाच्या विलक्षण तेजाची वाट: लोक त्याच्या शब्दासरशी उठतात. तिसरी, कायद्याची वाट: खुर्चीवर कोण बसला आहे याला महत्त्व नसते, खुर्चीच्या अधिकाराला असते. आपल्या गावची ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणली तर या तिन्ही वाटा एकाच चावडीवर येऊन मिळालेल्या दिसतील. सरपंच निवडून येतो कायद्याने, पण उभा राहतो घराण्याच्या नावावर आणि प्रचाराला आणतो एखादा लोकप्रिय पुढारी.

परंतु सत्ता सरकारी कचेरीतच राहते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. याचा दाखला लुडविग्सहाफेनमध्येच आहे. १८६५ साली स्थापन झालेल्या बीएएसएफ या कारखान्याने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली. ऱ्हाइनकाठच्या रसायनशास्त्रज्ञांना बिहारमधील शेतकऱ्याचे नावगावही ठाऊक नव्हते; त्याचे वाईट करावे असे कोणाच्या मनातही नव्हते. पण कारखान्यातली नीळ स्वस्त पडू लागली आणि शेतातल्या निळीचा धंदा बसला. चंपारणातल्या गोऱ्या मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांच्या माथी मारला. निळीच्या सक्तीतून सोडवतो म्हणून वाढीव खंड घेतला, रोख रकमा उकळल्या. पुढे पहिल्या महायुद्धामुळे जर्मन रंगांचा पुरवठा तुटला, निळीचा भाव चढला आणि विघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची जुनी सक्ती पुन्हा आवळली गेली. १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी चंपारणात उतरले ते या पार्श्वभूमीवर. एका शहरातील प्रयोगशाळेचा निर्णय दुसऱ्या खंडातील कुळाच्या चुलीपर्यंत पोचतो, आणि त्या कुळाला दाद मागायला जागा नसते. बाजाराची सत्ता ती हीच.

तिसरी सत्ता समाजाची. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व यथासांग झाले, पण तळ्याचे पाणी काही कोणाला घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह त्या तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले. तळे सर्वांचे आहे हे उच्च न्यायालयाकडून मान्य व्हायला १९३७ साल उजाडले. सरकारने दिलेला हक्क शेजारी हिरावून घेऊ शकतो. सत्तेची चर्चा करताना सरकार, बाजार आणि समाज या तिन्हींवर नजर ठेवली नाही, तर ती चर्चा अर्धीच राहते.

आता उदारमतवादाकडे वळू. उदारमतवाद म्हणजे ‘काहीही चालते’ असे नव्हे. सत्तेविषयी मुळातच संशय बाळगणारे हे तत्त्वज्ञान आहे. राज्यकर्ता सज्जन असला तरी त्याच्या हाती निरंकुश अधिकार देऊ नये, कारण उद्या त्या जागी दुसरा कोणी बसणार आहे, हे त्याचे सार. लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस राज्यसत्ता ही प्रजेच्या संमतीवर उभी असल्याचे प्रतिपादन केले. माँतेस्क्यूने १७४८ साली कायदा करणारा, तो राबविणारा आणि निवाडा देणारा हे तिघे वेगळे असावेत असे सांगितले. मिलने १८५९ साली व्यक्तीच्या स्वातंत्र्याला केवळ सरकारापासूनच नव्हे, तर बहुमताच्या दडपणापासूनही जपले पाहिजे, हे मांडले.

जर्मनीत या विचाराचे एक मोठे तीर्थक्षेत्र लुडविग्सहाफेनच्या जवळच आहे. २७ मे १८३२ रोजी नॉयश्टाटनजीकच्या हांबाख किल्ल्यावर वीस ते तीस हजार माणसे काळा, लाल आणि सोनेरी झेंडा घेऊन चढली. वृत्तपत्रांना मोकळीक, जर्मनीचे ऐक्य आणि लोकांचे राज्य या त्यांच्या मागण्या होत्या. फाल्त्स तेव्हा बव्हेरियाच्या लुडविग राजाकडे होते. सरकारने पुढाऱ्यांवर खटले भरले. लांडाऊ येथे ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. तेव्हा दुसरे आरोप ठेवून झीबनफायफर आणि विर्थ यांना शिक्षा देण्यात आली. त्याच लुडविग राजाचे नाव १८४३ साली ऱ्हाइनकाठच्या एका बंदराला मिळाले. तेच हे लुडविग्सहाफेन. आज जर्मन संसदेवर फडकतो तो झेंडा मात्र राजाचा नव्हे, हांबाखवाल्यांचा.

महाराष्ट्राला हा विचार काही बाहेरून शिकविण्याची गरज नव्हती. न्यायमूर्ती रानडे, गोखले आणि आगरकर यांची नावे आपल्या घरांत आदराने घेतली जातात. पण आगरकरांची खरी धार कशात होती, हे आपण विसरतो. सरकारच्या जुलमाविरुद्ध लिहिणारे त्या काळी आणखीही होते. आपल्याच घरातल्या, आपल्याच जातीतल्या जुलमाविरुद्ध लिहिणारे थोडे. ‘केसरी’चे हे पहिले संपादक १८८८ साली ‘सुधारक’ काढून बाहेर पडले ते याच मुद्द्यावर. सत्ता जिथे असेल तिथे तिला प्रश्न विचारायचा, मग ती कलेक्टरची असो की कुटुंबप्रमुखाची, हा त्यांचा बाणा होता.

उदारमतवादाची उणी बाजूही सांगितली पाहिजे. स्वातंत्र्यावर एवढा मोठा ग्रंथ लिहिणारा मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीस होता, आणि जे समाज अजून ‘वयात’ आलेले नाहीत त्यांना आपला सिद्धांत लागू नाही, असे त्याने लिहून ठेवले. त्या समाजांत आपण आलो. स्वातंत्र्य सर्वांचे म्हणायचे, पण ‘सर्व’ कोण हे आपण ठरवायचे, ही या पंथाची जुनी खोड आहे.

पुराणमतवादाचे काय? हा शब्दच मराठीत थोडा अन्याय करणारा आहे. जुने ते सोने म्हणत बसणे म्हणजे पुराणमतवाद नव्हे. एडमंड बर्कने १७९० साली फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका केली, तेव्हा त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते की समाज हा पिढ्यांनी मिळून बांधलेला वाडा आहे. एक भिंत पोकळ दिसली म्हणून सगळा वाडा पाडू नका, आधी ती भिंत कशाला आधार देते ते पाहा. माणसाची बुद्धी तोकडी आहे, म्हणून रूढी, धर्मसंस्था, कुटुंब, स्थानिक संस्था यांत साठलेले शहाणपण सांभाळावे. हाच बर्क, स्वतः व्हिग पक्षाचा, वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवायला उभा राहिला. १७८८ पासून १७९५ पर्यंत तो खटला चालला आणि हेस्टिंग्ज सुटला. तरीही हिंदुस्थानच्या जुन्या संस्था आणि रीतिरिवाज पायदळी तुडविण्याचा अधिकार कंपनीला नाही, हे बर्कने ब्रिटिश पार्लमेंटात बजावून सांगितले. त्या वेळी अनेक सुधारणावाद्यांपेक्षा हा परंपरेचा कैवारी आपल्या बाजूला अधिक होता.

म्हणजे पाहा, सत्तेला लगाम हवा हे दोघांनाही मान्य आहे. उदारमतवादी तो लगाम हक्क आणि कायदा यांतून घडवितो, पुराणमतवादी परंपरा आणि संस्था यांतून. भांडण आहे ते लगाम कशाचा करावा याचे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात जे रण माजले ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर न्यावयाचे होते. रानडे, भांडारकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरुद्ध. परक्या सरकारचा हात आपल्या घरात येऊ देऊ नये, सुधारणा समाजाने आपली आपण करावी, असे टिळकांचे म्हणणे. परकी सत्ता घरात शिरू नये हा मुद्दा पोकळ नव्हता. पण त्या घरात दहा वर्षांच्या मुलीवर जी सत्ता चालत होती, तिला लगाम कोण घालणार, या प्रश्नाला त्या बाजूकडे उत्तर नव्हते. पुराणमतवादाची उणीव येथे उघडी पडते. तो बाहेरच्या सत्तेकडे डोळे वटारतो आणि आतल्या सत्तेपुढे डोळे मिटतो.

दोन्ही पंथांची मोठी परीक्षा जर्मनीत १९३३ साली झाली, आणि दोघेही नापास झाले. ३० जानेवारीला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले. फॉन पापेन आणि त्यांच्या पुराणमतवादी मित्रांना वाटले, मंत्रिमंडळात आपण बहुसंख्य आहोत, याला मुठीत ठेवू. दोन महिन्यांत मूठ कोणाची ते कळले. २३ मार्चला संसदेने आपले अधिकार सरकारच्या हवाली करणारा कायदा मंजूर केला. विरोधात ९४ मते पडली, ती सर्व सोशल डेमोक्रॅटांची. कम्युनिस्ट सभासदांना सभागृहात येऊच दिले नव्हते. उदारमतवादी पक्षाचे पाच सभासद उरले होते. त्या पाचांनीही बाजूने मत दिले. त्यांतले एक थेओडोर हॉइस, १९४९ नंतरच्या पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष. माणसे वाईट नव्हती. लगाम हाती असताना तो सोडून देण्याची पाळी आली, तेव्हा त्यांचे हात ढिले पडले एवढेच. लुडविग्सहाफेनमध्ये १८८५ साली जन्मलेले तत्त्वज्ञ एर्न्स्ट ब्लॉख यांना त्याच वर्षी देश सोडावा लागला.

या अनुभवातून १९४९ ची जर्मन राज्यघटना जन्मली. लोकशाहीने आपल्या मारेकऱ्यांपासून स्वतःचे रक्षण करावे, अशी तरतूद तिच्यात आली. पक्षावर बंदी घालता येते, पण तो अधिकार सरकारला नाही, केवळ घटना न्यायालयाला. १९५२ साली एका नाझीपंथी पक्षावर आणि १९५६ साली कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. शिवाय ७९ व्या कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदाने काही मूलतत्त्वे कितीही मोठ्या बहुमताने बदलता येणार नाहीत, असे बजावून ठेवले. उदारमतवाद्याचा कायदा आणि पुराणमतवाद्याचे ‘हा खांब हलवू नका’ हे म्हणणे, दोन्ही त्या एका कलमात एकत्र आली आहेत.

या कलमाचा धागा हायडेलबर्गमार्गे थेट दिल्लीला पोचतो, हे आपल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतील कायदेपंडित डीट्रिख कॉनराड यांनी १९६५ साली बनारस हिंदू विद्यापीठात एक व्याख्यान दिले. घटना दुरुस्त करण्याच्या अधिकाराला काही अंगभूत मर्यादा आहेत की नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता. तो विचार गोलकनाथ खटल्यात वकिलांनी न्यायालयापुढे मांडला आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातही त्याचा उल्लेख झाला. इकडे सज्जनसिंग खटल्यात न्या. ज. र. मुधोळकर यांनी १९६५ सालीच घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांचा प्रश्न उपस्थित केला होता. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरविले की संसद घटना दुरुस्त करू शकते, तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. त्या सहांमध्ये पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते. पुढे आणीबाणी आली आणि गेली. आणि १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात, संसदेला अमर्याद अधिकार देणारे कलम याच चौकटीच्या आधारे रद्द करणारा बहुमताचा निकाल सरन्यायाधीश म्हणून लिहिला तो याच चंद्रचूडांनी. निरंकुश सत्तेचा अनुभव भल्याभल्यांना लगामाची किंमत शिकवितो.

आणीबाणीतली आणखी एक आठवण येथे द्यावीशी वाटते. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी सरकारी दडपशाहीविरुद्ध उघड आवाज उठविला. दुर्गाबाई लोकपरंपरेच्या अभ्यासक, जुन्या वाङ्मयावर जीव असणाऱ्या. त्यांना पुराणमतवादी म्हणावे की उदारमतवादी? ज्याला आपल्या परंपरेवर खरे प्रेम असते, तो तिला सत्तेची बटीक होऊ देत नाही. पाट्या लावणाऱ्यांची अशा माणसांपुढे अडचण होते.

आता लुडविग्सहाफेनच्या निवडणुकीबद्दल आमचे मत सांगतो. लोकशाहीला आपल्या दाराला कडी लावण्याचा अधिकार आहे, हे १९३३ नंतर कोणी नाकारू नये. ‘लोकांनी मते दिली असती, मग काय बिघडले’ हा युक्तिवाद पुरा पडत नाही. मते मिळवून लोकशाही मोडता येते, हे या देशाने पाहिले आहे. पण कडी कोणी लावावी आणि कशाच्या आधारावर, हे प्रश्न तितकेच मोठे आहेत. येथे समितीवर शहरातील पक्षांची माणसे होती, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी प्रतिस्पर्ध्याला बाहेर ठेवले. त्यांनी कायद्याप्रमाणे वागले असेलही. तरी हे काम त्यांच्याकडे नसावे. दुसरे, त्यांनी उमेदवाराच्या भावी वर्तनाचा अंदाज बांधला. तिसरे, मुख्य दाद निवडणुकीनंतर. भारतातही उमेदवारी अर्ज फेटाळल्यावर निवडणूक संपेपर्यंत थांबावे लागते. १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यापासून तो नियम चालत आला आहे. पण आपल्याकडे अर्ज तपासणारा अधिकारी उमेदवाराचे वय, नाव, सही, अपात्रता पाहतो. त्याच्या मनात शिरत नाही.

मनाचा नव्हे, कृतीचा न्याय कसा करता येतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितल्याबद्दल डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, आणि त्याच प्रकरणात बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. कोणाला तो निर्णय आवडला, कोणाला नाही. विलंबही भयंकर झाला. १९८७ च्या भाषणाचा शेवटचा निकाल १९९५ साली लागला. परंतु आरोप विशिष्ट भाषणांवर होता, पुरावा न्यायालयात तपासला गेला, निर्णय प्रतिस्पर्ध्याने दिला नाही. या दोन रीतींचा मेळ घालता आला पाहिजे. जर्मनीने दाराला कडी जरूर ठेवावी. पण ती न्यायाधीशाच्या हाती असावी, केलेल्या कृत्यांवरून लावली जावी, आणि लावण्यापूर्वी पुरती सुनावणी व्हावी. नाहीतर आज जी कडी एएफडीविरुद्ध लागली, ती उद्या सत्तेवर आलेल्या एएफडीच्या समितीला आयती सापडेल. आपल्यासारख्यांना ती सर्वांत आधी लागेल, हे ‘बरे झाले’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडे पाहू. ऱ्हाइनकाठी राहणारा आपला माणूस कट्टर उदारमतवादी असतो. येथे अल्पसंख्य असल्यामुळे त्याला अल्पसंख्यांचे हक्क पाठ असतात. वर्णावरून, नावावरून भाड्याचे घर नाकारले गेले तर तो रास्तपणे चिडतो. तोच माणूस सुटीत पुण्याला उतरला की त्याच्या सोसायटीत भाडेकरू कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, काय खाणारा, यावर चाललेल्या चर्चेत मान डोलावतो. येथे त्याला दुहेरी निष्ठेचा संशय घेतलेला खपत नाही. तेथे दुसऱ्याच्या निष्ठेचा दाखला मागायला तो पुढे असतो. मुलाला येथे ‘स्वतःचा विचार कर’ म्हणून शिकवितो आणि मुलीने जोडीदार स्वतः निवडला की घराण्याची परंपरा आठवतो. उलट प्रकारही आहे. गावाकडच्या रूढींना जुनाट म्हणून हिणविणारे काही जण येथे आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीवर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतात आणि हिशेब विचारणाऱ्याला ‘फुटीर’ ठरवितात. याला उदारमतवादही म्हणत नाहीत आणि पुराणमतवादही नाही. सत्ता दुसऱ्याच्या हाती असताना लगाम मागायचा आणि आपल्या हाती आली की लगाम फेकायचा, याला साध्या मराठीत मतलब म्हणतात.

म्हणून आमच्या वाचकांना आमचे सांगणे आहे की तुम्ही कोणत्या पंथाचे, हे घोषणांवरून ठरवू नका. जिथे तुमची संख्या जास्त, तुमची जात वरची, तुमचे मत वजनदार, तिथे तुम्ही दुर्बलाला कोणते संरक्षण देता, त्यावरून ठरवा. हांबाखच्या वाटेने जायचे असेल तर आगरकरांप्रमाणे स्वतःच्या उंबरठ्याच्या आतही जा. बर्कच्या वाटेने जायचे असेल तर परंपरेतील न्यायबुद्धी सांभाळा, तिच्यातला जुलूम नव्हे.

आणि येथे जो थोडा अधिकार हाती आहे तो वापरा. कारखान्याच्या कामगार-मंडळाच्या निवडणुकीत पारपत्राचा रंग पाहिला जात नाही. १९७२ च्या कायद्यापासून परदेशी कामगार तेथे मत देऊ शकतो आणि उभाही राहू शकतो. प्रांतातील स्थलांतरितांच्या सल्लागार मंडळासाठीही मत देता येते; त्या दिवशी आपली मंडळी घरी बसतात. २०२४ च्या कायद्याने पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, इतर अटी पुऱ्या केल्यास, जर्मन नागरिकत्व मागता येते. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही, त्यामुळे हा निर्णय जड आहे. घ्यावा की न घ्यावा हे प्रत्येक घराने ठरवावे. मात्र नागरिकत्व नको आणि कामगार-मंडळाच्या मतदानालाही जायचे नाही, असे ठरविणाऱ्याने महापौर कोण झाला यावर दिवाणखान्यात आवाज चढविण्यात अर्थ नाही. ऱ्हाइनच्या काठावर बसून पुराची चर्चा करणाऱ्याने निदान बांधावर एक पाटी माती टाकलेली असावी.